गिरणगावातल्या गरोदर बायका आणि न पिकलेलं रक्त

१९२८ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या एक पॅथॉलॉजिस्ट बाई मुंबईत उतरल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. नाव ल्युसी विल्स, वय चाळीस. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न ऐकायला साधा होता. मुंबईतल्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडतात, शेवटच्या महिन्यांत धाप लागून अंथरूण धरतात आणि कितीतरी जणी बाळंतपणाच्या आगेमागे दगावतात. यांच्या अंगात रक्त का तयार होत नाही?

आपल्याकडे ‘रक्त कमी आहे’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. बीट खा, खजूर खा, लोखंडी कढईत भाजी कर. रक्त कमी म्हणजे लोह कमी, इतकं ते आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पुष्कळदा ते खरंही असतं. मुंबईच्या या बायकांच्या बाबतीत मात्र ते पुरेसं नव्हतं. त्यांच्या मज्जेला, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या रक्तपेशी तयार करणाऱ्या गराला, हुकूम मिळत होता, मज्जा राबतही होती, तरी पेशी बाहेर पडत नव्हत्या. हे का, याचा छडा लागायला सतरा-अठरा वर्षं गेली. तांबड्या पेशींचं उत्पादन कशाकशावर अवलंबून असतं हे समजून घ्यायचं तर मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही.

परळ, १९२८

विल्सबाईंना बोलावून घेतलं डॉ. मार्गारेट बालफोर यांनी. भारतातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत त्यांनी बरीच वर्षं काढली होती. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती, त्या कामासाठी हे बोलावणं. ही असोसिएशन म्हणजे आजच्या आयसीएमआरचं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, जुनं रूप. नाव बदललं १९४९ मध्ये.

हाफकिन संस्था गिरणगावाच्या ऐन मध्यावर. प्लेगच्या लशीसाठी उभी राहिलेली ही प्रयोगशाळा जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये होती आणि तिला हाफकिन यांचं नाव मिळून तीनच वर्षं झाली होती. आजूबाजूला गिरण्यांच्या चिमण्या आणि चाळी. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. त्याच वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने गिरण्यांचा संप चालला, सुमारे दीड लाख कामगार घरी बसले. गरोदर कामगार बाईला पगारी रजा देणारा मुंबई इलाख्याचा कायदा व्हायला आणखी एक वर्ष होतं. एरवीच भाजी आणि दूध मोजून येणाऱ्या घरांत संपाच्या दिवसांत ताटात काय पडत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आजार सर्वांत जास्त आणि सर्वांत तीव्र दिसे तो गरीब घरांतल्या बायकांत, त्यातही गिरणीत राबणाऱ्यांत. गरोदरपणाच्या उत्तरार्धात थकवा, पायांवर सूज, जिभेची आग, जेवण नकोसं. मग धाप. हे चित्र जगाला अगदीच नवं नव्हतं. बाळंतपणाच्या आसपास येणाऱ्या जीवघेण्या पांडुरोगाचं, म्हणजे रक्त कमी होण्याच्या आजाराचं, वर्णन बॉस्टनच्या वॉल्टर चॅनिंग यांनी १८४२ मध्येच केलं होतं. पण एखाद्या डॉक्टरला आयुष्यात पाचदहा वेळा दिसावा असा तो तिकडे, आणि इथे वॉर्डात नेहमीचा.

स्लाइडवर काय दिसलं

पहिला सुगावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. पेशी संख्येने कमी होत्या, पण ज्या होत्या त्या आकाराने मोठ्या, काही लंबगोल. इथेच लोहाचं एकट्याचं कारण गळून पडतं. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन भरत नाही, मग पेशी लहान आणि फिकट निघतात. शिंप्याला कापड कमी मिळालं तर तो तोकडं शिवतो, तसं. मोठी पेशी याचा अर्थ कापड आहे, गडबड दुसरीकडे कुठेतरी आहे.

मोठ्या पेशींचा एक पांडुरोग तेव्हा युरोप-अमेरिकेत चांगला माहीत होता. त्याला ‘पर्निशियस’ म्हणजे घातक म्हणत, कारण तो झालेला माणूस वाचत नसे. १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनो आणि मर्फी यांनी अशा रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून बरं केलं होतं. व्हिपल यांच्यासह त्यांना पुढे १९३४ चं नोबेल मिळालं. यकृतात काहीतरी आहे, ते मिळालं की मज्जा पुन्हा काम करते, इतकं कळलं होतं. ते काय आहे हे कळलं नव्हतं. मुंबईच्या आजाराला सगळे ‘गरोदरपणातला पर्निशियस पांडुरोग’ म्हणत आणि नाव दिलं की निदान झालं असं समजून पुढे जात. वैद्यकात हे फार होतं. आजही होतं.

विल्सबाईंना ते नाव पटेना. खऱ्या पर्निशियस पांडुरोगात जठरात आम्ल तयारच होत नाही. या बायकांच्या जठरात आम्ल होतं. तो आजार बहुधा उतारवयात येतो. या तरुण होत्या. शिवाय बाळंतपणातून बाई वाचली तर पुष्कळदा आजार आपोआप ओसरायचा. खरा पर्निशियस असा सोडून जात नाही.

मग त्यांनी ताटं बघितली. त्यांनी आणि तळपदे यांनी मिळून मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली आणि १९३० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये ती छापली. त्याच मालिकेतला पहिला लेख त्यांचा आणि मेहता यांचा होता. या प्रकरणाच्या बहुतेक कहाण्यांत ही दोन नावं गाळली जातात, म्हणून मुद्दाम लिहितो. पाहणीत दिसलं ते असं की ज्यांचं ताट सर्वांत तोकडं त्यांनाच हा आजार सर्वांत जास्त गाठतो. शहरातल्या गरीब मुसलमान बायका दोन्ही बाबतींत वर होत्या. हवा, पाणी, गर्दी इतरांच्या वाट्यालाही तीच होती. संशय ताटावर आला.

उंदीर, उवा आणि माकडं

पुढचा टप्पा निलगिरीतल्या कुन्नूरचा. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांची आहार संशोधनाची प्रयोगशाळा होती. विल्सबाईंनी पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या त्या बायकांसारखाच आहार दिला. उंदीर पांढरे पडले, गाभण माद्या व्यायच्या आधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळलं की आजार टळायचा. ब जीवनसत्त्व मिळवायचं तर यीस्ट, हे तेव्हाचं ठरलेलं साधन. झालं, सुटला प्रश्न असं वाटावं इतका चोख निकाल.

पण उंदरांना उवा होत्या. त्या उवांमधून बार्टोनेला नावाचा जंतू उंदरांत शिरतो, एरवी गप्प राहतो, आणि जनावर अशक्त झालं की तांबड्या पेशी फोडायला लागतो. म्हणजे उंदरांच्या रक्तात पेशी कमी दिसत होत्या त्या तयार होत नव्हत्या म्हणून, की तयार झालेल्या फुटत होत्या म्हणून? दोन्हींची सरमिसळ झालेली.

इथे जरा थांबतो, कारण बाकीचं सगळं या फरकावर उभं आहे. रक्तातला पेशींचा आकडा म्हणजे टाकीतली पाण्याची पातळी. नळ बारीक झाला तरी ती उतरते आणि खाली गळती असली तरी उतरते. निरोगी माणसाच्या मज्जेतून दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बाहेर पडतात. प्रत्येकीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. नुसती पातळी मोजून नळाबद्दल काही सांगता येत नाही. नळ बघायचा तर कोवळ्या पेशी मोजाव्या लागतात. मज्जेतून नुकत्याच सुटलेल्या तांबड्या पेशीत जाळीसारखे अवशेष एकदोन दिवस टिकतात, विशिष्ट रंग दिला की ते दिसतात. या कोवळ्या पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात. एरवी त्या शंभरात एकदोन असतात. त्या वाढल्या तर मज्जा जोरात आहे, रक्त दुसरीकडे जातंय किंवा फुटतंय. रक्त कमी असूनही त्या वाढलेल्या नसतील तर उत्पादनच अडलंय.

उंदरांचा पुरावा डागाळला म्हटल्यावर विल्सबाई माकडांकडे वळल्या. माकडांतही तोच आहार, तोच मोठ्या पेशींचा पांडुरोग, आणि यीस्टच्या अर्काने तोच उतारा. यीस्टचा अर्क म्हणजे इंग्रजांच्या न्याहारीचा मार्माइट: बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून बनवलेला काळा, चिकट, खारट लगदा. इंग्रज माणूसही तो एकतर जीव टाकून खातो नाहीतर तोंड वाकडं करतो. विल्सबाईंनी तो निवडला तो स्वस्त म्हणून.

चौथा दिवस

मुंबईच्या रुग्ण बायकांना मार्माइट दिला गेला आणि १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल छापून आले. आधी भूक परतली. बायका स्वतःहून जेवण मागू लागल्या. अंगात त्राण आलं. चौथ्या दिवसापर्यंत तांबड्या पेशींचा आकडा चढायला लागला.

चार दिवस हा आकडा बघण्यासारखा आहे. मज्जेतल्या मूळ पेशीपासून पिकलेली तांबडी पेशी व्हायला आठवडाभर तरी लागतो. उपचाराने मज्जेला अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, तर इतक्या लवकर काही दिसलं नसतं. याचा अर्थ अर्धवट तयार पेशी मज्जेत ठासून भरलेल्या होत्या आणि कशाची तरी वाट बघत अडकल्या होत्या. ते ‘काहीतरी’ मिळताच रांग पुढे सरकली. अशा रुग्णांच्या मज्जेचा नमुना घेतला तर ती ओस पडलेली दिसत नाही, उलट पेशींनी गच्च भरलेली दिसते. पेशी मात्र विचित्र: बाहेरचा भाग पिकलेला, हिमोग्लोबिन भरलेला, आणि आतलं केंद्रक अजून कच्चं.

गिरणगावातलं प्रकरण आहे म्हणून त्याच भाषेत सांगतो. कापूस आलाय, मुकादम ओरडतोय, माग चालू आहेत, आणि धागा दर वितीला तुटतोय. सगळं खातं घाम गाळतं आणि संध्याकाळी कापड निघतं पाव ठाण.

आज आपल्याला तो धागा कोणता हे माहीत आहे. पेशीला दुभागायचं तर आधी डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, थायमिन, तयार करण्याच्या शेवटच्या पायरीवर फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर त्या जागी चुकीचं अक्षर बसतं, दुरुस्ती यंत्रणा ते कापून काढते, पुन्हा चुकीचंच बसतं, आणि शेवटी धागा तुटतो. दुभागणं लांबतं. हिमोग्लोबिन तयार करण्याचं काम मात्र डीएनएच्या प्रतीसाठी थांबत नाही, म्हणून पेशी फुगत जाते. बऱ्याचशा पेशी मज्जेतच मरतात. ज्या थोड्या सुटतात त्या मोठ्या असतात, आणि स्लाइडवर विल्सबाईंना दिसत होत्या त्या ह्याच.

गरोदरपणातच का?

आहार वर्षभर तोकडाच होता, मग आजार गरोदरपणात का उफाळायचा? कारण शरीरातला फोलेटचा साठा फार दिवस पुरत नाही. व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टराने हे स्वतःवर करून पाहिलं. जेवण पुन्हा पुन्हा उकळून, पाणी ओतून देऊन त्यातलं फोलेट जवळजवळ घालवायचं आणि तेच महिनोन्महिने खायचं. तीन आठवड्यांत रक्तातली पातळी घसरली, सातव्या आठवड्यात पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांना जास्तीचे खंड दिसू लागले, आणि एकोणिसाव्या आठवड्यात मज्जेत तेच कच्च्या केंद्रकाच्या पेशींचं चित्र उभं राहिलं. १९६२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पालेभाजी उकडून पाणी फेकणाऱ्या घरांनी या प्रयोगाची नोंद घ्यायला हरकत नाही. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं.

हर्बर्ट यांचं पोट भरलेलं होतं, सुरुवातीचा साठा पुरेपूर होता, आणि पोटात बाळ नव्हतं. तरी एकोणीस आठवडे. गरोदर बाईच्या अंगात सगळीकडे पेशी दुभागत असतात: बाळाच्या, वारेच्या, गर्भाशयाच्या आणि तिच्या स्वतःच्या मज्जेतल्याही. गरोदरपणात आईच्या तांबड्या पेशी एकूण वीसतीस टक्के वाढाव्या लागतात. रक्तातलं पाणी त्याहून जास्त, चाळीस-पन्नास टक्के वाढतं, म्हणून निरोगी गरोदर बाईचंही हिमोग्लोबिन थोडं खाली दिसतं. म्हणजे मागणी सगळ्या बाजूंनी वाढलेली आणि घरात साठा आधीच तळाला. मूल बाहेर आलं की मागणी एकदम उतरते आणि बाई सावरते. विल्सबाईंना खटकलेल्या ‘आपोआप बऱ्या होणाऱ्या’ बायकांचं उत्तर हे.

बाकीचे हिशेबनीस

तांबड्या पेशी किती तयार करायच्या हे मज्जा ठरवत नाही, ठरवतं मूत्रपिंड. तिथल्या काही पेशी रक्तातून मिळणारा ऑक्सिजन सतत जोखत असतात. तो कमी पडला की त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि मज्जेला निरोप जातो: वाढवा. डोंगरावर राहणाऱ्यांचं रक्त दाट का, याचं उत्तर यात आहे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त का उतरतं, याचंही. असा काही निरोप असावा असं पॅरिसमधल्या कार्नो आणि देफ्लांद्र यांनी १९०६ मध्ये म्हटलं होतं, पण पन्नास वर्षं त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पेशीला ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, या शोधाला नोबेल मिळालं ते २०१९ मध्ये.

विल्सबाईंच्या काळात यातलं काही हाताशी नव्हतं. आज मागे वळून पाहिलं तर दिसतं की त्या बायकांच्या अंगात एरिथ्रोपोएटिन भरपूर असणार. मूत्रपिंडं धडधाकट, ऑक्सिजन कमी. निरोप तर ओरडून जात असणार. आणि म्हणूनच मज्जा गच्च भरलेली. नुसता निरोप वाढवून अशा रुग्णाला काही फायदा होत नाही. डायलिसिसच्या रुग्णाचं अगदी उलट: तिथे माल आहे, निरोप नाही, म्हणून एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन काम करतं.

जुनाट संसर्ग ही आणखी एक पाचर. क्षयासारखा आजार महिनोन्महिने चालला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते लोहाच्या वाटा बंद करतं. कोठारात लोह असतं, पण मज्जेपर्यंत पोचत नाही. अशा माणसाला लोहाच्या गोळ्या कितीही चारा. थायरॉइड मंदावलं तरी उत्पादन मंदावतं. पुरुषांचा आकडा बायकांपेक्षा वर असतो त्यात टेस्टोस्टेरॉनचा हात आहे, मासिक पाळीतल्या रक्तस्रावाचाही. पेशी लवकर फुटत असतील, जसं सिकलसेलमध्ये होतं, तर मज्जा दुप्पट-चौपट राबते आणि फोलेटचा फडशा पाडते. म्हणून गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांना फोलिक अ‍ॅसिडची गोळी रोज असते.

जितकं शुद्ध, तितकं निकामी

आता या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग. यकृताने पर्निशियस पांडुरोग बरा होतो म्हटल्यावर औषध कंपन्या यकृताचे अर्क काढू लागल्या. रोज पावशेर यकृत खाण्यापेक्षा इंजेक्शन बरं. अर्क दिवसेंदिवस शुद्ध होत गेले आणि पर्निशियस पांडुरोगावर तितकेच गुणकारी राहिले. विल्सबाईंच्या रुग्णांवर मात्र उलटं घडलं. कच्चा अर्क लागू पडायचा. शुद्ध केलेला लागू पडत नसे. यकृतात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि शुद्धीकरणाच्या चाळणीतून एक खाली सांडत होती.

माकडांवरच्या प्रयोगांतून आलेला हा निष्कर्ष विल्सबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये मांडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या पुन्हा मुंबईला आल्या आणि जानेवारीपर्यंत दहा आठवडे हाफकिनमध्ये रुग्णांवर तीच पडताळणी करत राहिल्या. त्या अनोळखी पदार्थाला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

त्याचं खरं नाव यायला आणखी चार वर्षं लागली. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा केला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फोलिक अ‍ॅसिड’ म्हटलं. प्रयोगशाळेत तो बनवला अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या संशोधकांनी, १९४५ मध्ये. त्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. यकृतातला दुसरा पदार्थ, बी-१२, वेगळा झाला १९४८ मध्ये. विल्सबाईंच्या शुद्ध अर्कात शिल्लक राहात होता तो हाच.

सुब्बारावांच्या चमूने याच धाग्याचं दुसरं टोकही धरलं. फोलेटसारखी दिसणारी पण काम न करणारी द्रव्यं त्यांनी बनवली. पेशी ती फोलेट समजून घेते आणि फसते. त्यातल्या अमिनोप्टेरिनने बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांचा आजार १९४८ मध्ये काही काळ का होईना मागे हटवला. मुंबईच्या बायकांच्या मज्जेत जे नकळत घडत होतं, तेच इथे कर्करोगाच्या पेशींवर मुद्दाम घडवलेलं. त्याचं भावंड मेथोट्रेक्सेट आज संधिवाताचे कितीतरी रुग्ण आठवड्यातून एकदा घेतात, आणि मज्जा अडकू नये म्हणून सोबत फोलिक अ‍ॅसिडची गोळी लिहून दिलेली असते. ती गोळी ‘नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून टाळणारे पुष्कळ भेटतात. टाळू नका.

पुण्याजवळची सहा गावं

गरोदर बाईला आज सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. दुसरा आकडा परळहून आलेला आहे असं म्हटलं तर फार चूक नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. गोळी मिळत नाही, मिळाली तर मळमळते म्हणून घेतली जात नाही, जंत रक्त पितात, दोन बाळंतपणांत अंतर नाही; ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. आणखी एक कारण पुण्याजवळ सापडलं.

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात फोलेट कमी असलेली बाई निघाली एक. बी-१२ कमी असलेल्या निघाल्या सुमारे दोन तृतीयांश. साठ-पासष्ट वर्षांत आणि दीडदोनशे किलोमीटरवर चित्र पूर्ण उलटलेलं. भाजी, डाळ, हरभरा ताटात होते, म्हणून फोलेट होतं. पण बी-१२ वनस्पतीत नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून येतं. शाकाहारी घरात दूध कपभर चहापुरतं आलं की ते कमी पडणारच.

मज्जेच्या दृष्टीने दोन्ही उणिवा जवळपास सारख्याच दिसतात, कारण बी-१२ नसेल तर असलेलं फोलेट पेशीत एका निरुपयोगी रूपात अडकून पडतं. पेशी मोठ्या, केंद्रक कच्चं, सगळं तेच. फरक मज्जातंतूंत. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फोलिक अ‍ॅसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारतं आणि पायांच्या मुंग्या, तोल जाणं मात्र चालूच राहतं, वाढतही जातं. रिपोर्ट चांगला आला म्हणून सगळे निर्धास्त.

दुसरी फसगत आकड्यांचीच. सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘एमसीव्ही’ असं लिहिलेलं असतं. तो पेशीचा सरासरी आकार. लोह कमी असलेल्या बाईच्या पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फोलेट कमी असलेल्या बाईच्या मोठ्या. आणि जिच्यात दोन्ही कमी आहेत, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी जणी, तिची सरासरी येते अगदी नॉर्मल, ८८-९०. हिमोग्लोबिन आठ आणि एमसीव्ही नॉर्मल असा रिपोर्ट हातात पडला की घाईतल्या डॉक्टरची नजर पुढे सरकते. त्याच कागदावर खाली ‘आरडीडब्ल्यू’ वाढलेला असतो, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, कुणी लहान कुणी मोठी. तो आकडा वाचला जात नाही. अशा बाईला एकटं लोह दिलं की हिमोग्लोबिन थोडं चढतं आणि अडतं. एकटं बी-१२ दिलं तर मज्जा धडाक्याने सुरू होते आणि आठवड्याभरात उरलंसुरलं लोहही संपवून टाकते.

विल्सबाईंच्या वेळी एमसीव्ही छापून देणारं यंत्र नव्हतं. पेशींचा आकार ठरवायचा तर स्लाइडवरच्या शेकडो पेशींचा व्यास एकेक करून मोजायचा आणि आलेख काढायचा, अशी त्या काळची रीत होती. रक्तात दोन तऱ्हेच्या पेशी असतील तर त्या आलेखाचा पाया रुंद पसरलेला दिसायचा, कधी त्याला दोन शिखरंही यायची.